आपल्या भागाची छायाचित्रे : बीदर, गुलबर्गा आणि भीमातीर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात किंवा जुन्या ट्रंकेत, काळ्या जाड कागदाचा एक अल्बम असतोच. त्यात लग्नाचे, मुंजीचे, नातवाच्या बारशाचे फोटो असतात. एखाद्यात मंडळी गाणगापूरच्या संगमावर ओल्या धोतरांनिशी रांगेत उभी असतात. एखाद्यात बीदरच्या किल्ल्याच्या दरवाजापुढे एस्. टी. ची वाट पाहत बसलेली असतात. माणसे पाहून झाली की आपण पान उलटतो. त्या माणसांच्या पाठीमागे कोणती कमान आहे, तिच्यावरचा गिलावा शाबूत आहे की पडला आहे, नदीचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आहे, हे कोणी पाहत नाही. फोटोतील माणसांची नावे सांगू शकणारे माणूस तरी घरात बहुधा एकच उरलेले असते, आणि तेही ऐंशीच्या घरात असते.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. आपल्या तरुण मंडळींच्या हाती आज मोबाइलच्या रूपाने चांगला कॅमेरा आहे. त्याने आपल्या भागातील वास्तू व रोजचे जीवन कसे टिपावे, हा एक भाग. आधीच्या पिढ्यांनी टिपलेले कसे ओळखावे व राखावे, हा दुसरा. लेख शिकवणीच्या पद्धतीने लिहिला आहे. ज्यांना हे सर्व ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी.

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्थाही निघाली आणि तिच्या आरंभीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे होती. बीदर-गुलबर्ग्याचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. या भागातील वास्तूंची शास्त्रशुद्ध पाहणी १८७५-७६ च्या हंगामात जेम्स बर्जेस यांनी केली व बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील त्यांचा अहवाल १८७८ मध्ये लंडनला छापला गेला. पुढे लाला दीनदयाळ आले. मीरतजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेला हा गृहस्थ रुडकीला स्थापत्य शिकला, इंदुरास नोकरीत असताना छायाचित्रणाकडे वळला आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचा दरबारी छायाचित्रकार झाला. १८९० च्या आगेमागे निजामाच्या राज्यातील स्थळांचे जे संग्रह त्यांनी सिद्ध केले त्यांत बीदरचा मदरसाही आहे. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा साठा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केला आहे. १९१४ साली हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते निघाले; त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी बीदरच्या इतिहासावर व वास्तूंवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. बीदरची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्याने तो ग्रंथ एकदा तरी चाळावा. वाचण्यास वेळ नसेल तर नुसती चित्रपाने पाहावीत.

जुनी छायाचित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानी येते. एवढ्या मोठ्या वास्तूभोवती माणूस कसा तो नाही. असलाच तर एखादा फेटेवाला मापाच्या काठीसारखा ताठ उभा. याचे कारण यांत्रिक आहे. १८५१ पासून जी ओल्या काचेची पद्धत रूढ होती, तीत काचेवर द्रावण ओतून ते सुकण्याच्या आत चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणजे काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सारे बैलगाडीत घालून न्यावयाचे. शिवाय पडदा काही सेकंद उघडा ठेवावा लागे. तेवढ्या वेळात चालता माणूस पुसट होतो किंवा अजिबात उमटत नाही. बाजार भरलेला असला तरी चित्रात रस्ता ओस दिसतो. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेचा शोध लावल्यावर हे कष्ट हळूहळू संपले. तेव्हा जुन्या चित्रातील ओसाडपणावरून गाव ओसाड होते असे अनुमान काढू नये.

आता आपल्या हातातील कॅमेऱ्याकडे वळू. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे आग्फा क्लिक थ्री नावाची साधी पेटी घरोघर होती. तिच्यातील १२० क्रमांकाचे रीळ बारा चौरस चित्रे देत असे. बाराच चित्रे असल्यामुळे मनुष्य विचार करून कळ दाबी. आज हजार चित्रे फुकट निघतात आणि विचार मात्र कळ दाबून झाल्यावर, तोही क्वचित, होतो. विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दिवस बाराच चित्रे घेण्याचा नेम करून पाहावा. उन्हाचा जुना आडाखाही पाठ असावा : स्वच्छ उन्हात, शंभर वेगाच्या फिल्मवर, छिद्र सोळा आणि पडद्याचा वेळ सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. मोबाइल हे गणित स्वतः करतो. पण ते करताना तो एक गृहीत धरतो, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. आपल्या भागात हे गृहीत फार फसते. बीदरला काळा पाषाण व तांबडा जांभा, गुलबर्ग्याकडे शहाबादी फरशीच्या पांढुरक्या खाणी. काळ्या दगडाने चौकट भरली की कॅमेरा त्याला उजळून करडा करतो. फरशीच्या खाणीत भर दुपारी उभे राहिले की तोच कॅमेरा शुभ्र दगडाला मळकट करतो. म्हणून काळ्या दगडासमोर प्रकाश थोडा कमी करावा आणि पांढऱ्यासमोर थोडा वाढवावा. मनाला हे उलटे वाटते, पण करून पाहिल्यावर पटते.

बीदरचा प्रारंभ महमूद गवानाच्या मदरशापासून करावा. १४७२ साली पूर्ण झालेली ही विद्याशाळा. तिच्या कर्त्याला १४८१ मध्ये त्याच्याच सुलतानाच्या हुकुमाने प्राणास मुकावे लागले. पुढे औरंगजेबाच्या अमलात येथे साठविलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन दर्शनी बाजूचा मोठा हिस्सा व एक मनोरा कोसळला. ईशान्येचा मनोरा उभा आहे. त्यावर व भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत कौलांची नक्षी ठिकठिकाणी तग धरून आहे. दर्शनी बाजू पूर्वेकडे असल्यामुळे पूर्ण दृश्यासाठी सकाळची वेळ उत्तम. कौलांचे जवळून चित्र घेताना मात्र निराळा विचार करावा लागतो. त्यांचा मुलामा आरशासारखा आहे. त्यात आकाश चमकते आणि निळा रंग पांढरट येतो. अशा वेळी भिंतीसमोर नीट उभे न राहता एक-दोन पावले बाजूला सरकत जावे. एका जागी ती चमक आपोआप घसरून नाहीशी होते व खरा रंग दिसू लागतो. त्या जागेवरून चित्र घ्यावे.

मनोरा सुमारे १३१ फूट उंच. तो पुरता चौकटीत यावा म्हणून आपण कॅमेरा वर तिरपा करतो आणि चित्रात मनोरा मागे पडत असल्यासारखा दिसतो. मनोरा मुळातच वर निमुळता असल्याने हा दोष अधिक उठून दिसतो. उपाय जुनाच आहे : कॅमेरा भिंतीला समांतर, अगदी सरळ धरावा आणि आपण मागे जावे. रस्त्यावर मागे जायला जागा नसेल तर मालकाच्या परवानगीने समोरच्या घराच्या माडीवर चढावे. मोबाइलमध्ये अतिविस्तृत भिंग असते, ते वास्तूसाठी शक्यतो वापरू नये. कडेच्या कमानी ताणून तो त्यांचे प्रमाण बिघडवितो. ज्या चित्रावरून पुढे कोणाला कमानीचे माप काढावयाचे असेल त्याला असे चित्र निरुपयोगी.

येथे या लेखातील मुख्य मुद्दा येतो. एकाच वास्तूचे, एकाच जागेवरून, निरनिराळ्या काळी घेतलेले चित्र हा मोठाच पुरावा होय. अष्टूरच्या बहामनी घुमटांत हुमायून शाहाची कबर आहे. तिच्यावर १८८२ साली वीज पडली व घुमटाचा मोठा भाग ढासळला. आज तो घुमट मधोमध कापलेल्या फळासारखा उभा आहे. आतील विटांचे थर, कमानीची जाडी, सारे उघडे. हे एका क्षणात घडले म्हणून त्याची तारीख आपल्याला ठाऊक आहे. पण मदरशावरचे एकेक कौल केव्हा गळते? रंगीन महालातील एखादा शिंपला केव्हा निखळतो? किल्ल्याच्या खंदकातील जांभ्याची कड केव्हा ढासळते? अशा पडझडीला तारीख नसते. ती फक्त दोन चित्रे शेजारी ठेवली की कळते.

म्हणून जुन्या चित्राची जागा शोधून तेथून नवे चित्र घेणे शिकावे. कृती अशी. जुन्या चित्रात जवळची एक व दूरची एक, अशा दोन वस्तू निवडाव्यात. समजा, कमानीची डावी कड आणि तिच्या पलीकडे दिसणारा दूरचा बुरूज. जुन्या चित्रात बुरुजाचा अर्धा भाग कमानीआड गेला आहे. प्रत्यक्ष जागी आपल्याला बुरूज पूर्ण दिसत असेल, तर आपण एका बाजूस जास्त आलो आहोत. बुरूज तेवढाच झाकला जाईपर्यंत आडवे सरकावे. मग उजव्या बाजूच्या दुसऱ्या एका जोडीवर तीच परीक्षा करावी. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की आपण जुन्या छायाचित्रकाराच्या जागी, बहुधा त्याच्याच तिपाईच्या ठिकाणी उभे असतो. भिंग कोणते होते याची चिंता करू नये. जागा जुळली की दृश्याची रचना जुळते. चौकट नंतर कापता येते. जागा चुकली तर कोणतेही भिंग ती चूक झाकू शकत नाही. चार मुले मिळून हे करू लागली तर त्यात शोधाचा मोठा आनंद आहे.

जागेनंतर वेळ. सावल्या पाहून जुन्या चित्राचा तास व ढोबळ ऋतूही ओळखता येतो. बीदर जवळजवळ अठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत येथे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. एरवी वर्षभर तो दक्षिणेकडे असतो. एखाद्या जुन्या चित्रात वास्तूच्या उत्तरेच्या भिंतीवर भर दुपारचे ऊन दिसले, तर ते चित्र उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या आरंभी घेतले आहे असे खुशाल समजावे. आपल्या कौटुंबिक चित्रांनाही हा नियम लागू पडतो. अंगणातील सावलीवरून मुंज वैशाखातली की माघातली, हा घरातील जुना वाद मिटविता येईल. मिटवू द्यावा की नाही हे घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे.

किल्ल्यात रंगीन महालाची काळ्या पाषाणातील शिंपल्यांची जडणी पाहण्याजोगी आहे. ती कुलपात असते. रीतसर विचारून आत जावे. संरक्षित वास्तूंत हातातील कॅमेऱ्याने चित्र घेण्यास सहसा आडकाठी नसते, पण तिपाई वा दिवे लावण्यास पुराणवस्तू खात्याची परवानगी लागते. बीदरला विमानदलाचा तळ आहे, त्या दिशेस कॅमेरा वळवू नये व ड्रोन उडविण्याच्या भानगडीत पडू नये. अष्टूरच्या वाटेवरील खलीलुल्लाच्या चौखंडीवर काळ्या दगडात उठावाची अक्षरे कोरली आहेत. समोरून ऊन असताना ती अक्षरे दिसतसुद्धा नाहीत. ऊन भिंतीला घासून जाते तो तास गाठावा. प्रत्येक अक्षराला बारीक सावली येते आणि लेख वाचता येतो. कोरीव काम कोठलेही असो, हा नियम एकच. भीमाकाठच्या सन्नतीजवळील कनगनहळ्ळी येथे बौद्ध स्तूपाच्या चुनखडी शिळा सापडल्या आहेत. त्यांतील एकीवर अशोकाची मूर्ती व तिच्याखाली ब्राह्मी लिपीत ‘रायो असोको’ अशी अक्षरे आहेत. तीही तिरप्या उजेडातच बोलतात. त्याच सन्नतीच्या चंद्रलांबा देवालयाच्या आवारात १९८६ साली एका मंदिराचे छत कोसळले, तेव्हा मूर्तीच्या बैठकीखालची शिळा अशोकाचा शिलालेख निघाली. शेकडो वर्षे पूजा चालू होती आणि लेख पायाखाली होता!

अष्टूरच्याच अहमदशाह वलीच्या कबरीत आतून रंगकाम आहे. हा सुलतान बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला घेऊन आला. मुसलमान त्याला वली मानतात, लिंगायत त्याला अल्लमप्रभू म्हणून पूजितात. होळीनंतर भरणाऱ्या त्याच्या उरुसात माड्याळचे जंगम येतात, शंख वाजतो आणि नारळ फुटतो. आतील उजेड अंधुक असतो, रंग जुना असतो. तेथे झगझगीत दिवा लावून चित्र घेणे हे रंगाशी व श्रद्धेशी दोन्हींशी बेमुर्वतपणाचे आहे. कॅमेरा खांबाला टेकवून, श्वास रोखून, पडदा सावकाश उघडावा. थोडे काळपट आले तरी चालेल.

बिद्री कामाचे चित्र घेण्यास पुष्कळांना अडचण येते. काळी चकचकीत सुरई व तिच्यावर चांदीची वेलबुट्टी. दिवा लावला की चांदी डोळे दिपविते आणि काळा भाग करडा होतो. ती वस्तू खिडकीपाशी ठेवावी, ऊन थेट येऊ देऊ नये आणि दुसऱ्या बाजूस पांढरा कागद किंवा धुतलेले धोतर धरावे. कागदाचा उजेड चांदीत उतरतो व वेल सलग दिसते. कारागिराच्या घरीच गेलात तर नुसत्या तयार मालावर समाधान मानू नये. जस्तात थोडे तांबे घालून ओतलेली वस्तू, मोरचुदाने तात्पुरती काळी केलेली तिची पाठ, त्यावर छिन्नीने खोदलेली रेघ, रेघेत ठोकून बसविलेली चांदीची तार, आणि शेवटी बीदर किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने एकाएकी काळेभोर होणारे जस्त. हे सारे क्रमाने टिपावे. विशेषतः हात टिपावेत. येथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपल्या मुलांना माहीत असावे. छायाचित्रकाराला या कलेत एक नवलही सापडते. जुन्या फोटोच्या कागदावर जो काळा रंग दिसतो ती अतिशय बारीक कणांची चांदी असते. बिद्रीवर चांदी पांढरी राहते आणि जस्त काळे होते.

गुलबर्ग्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथील मुख्य धडा एकाच वास्तूत आहे. (शासनाने २०१४ पासून नाव कलबुर्गी केले, आपल्या घरांत अजून जुनेच नाव चालते.) किल्ल्यातील १३६७ ची जामी मशीद बहुतेक मशिदींप्रमाणे मोकळ्या अंगणाची नाही, सबंध छताखाली आहे. आत उजेड बाजूंच्या कमानींतून येतो व खांबांच्या रांगांतून विरत जातो. येथे उजेडाकडे तोंड करून उभे राहू नये. उजेड आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवून रांगेच्या लांबीकडे पाहावे, म्हणजे एकामागून एक कमानी लहान होत जातात आणि प्रत्येकीच्या एका अंगाला उजेड राहतो. ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा व शरणबसवेश्वरांचे देऊळ या ठिकाणी वास्तूपेक्षा माणसांकडे लक्ष द्यावे. शहाबादच्या खाणींत फरशीचे थर जणू पोळ्यांच्या चवडीप्रमाणे रचलेले दिसतात. पुण्या-मुंबईतील किती स्वयंपाकघरांची जमीन येथून गेली! तुरीच्या हंगामात आडत बाजारातील राशी, मापारी, पोती शिवणाऱ्या बायका, हेही टिपावे. आपल्या स्मरणिकांत पदाधिकाऱ्यांची खुर्चीवर बसलेली, हार घातलेली छायाचित्रे विपुल असतात. ज्या रस्त्याने ते सभेला आले त्या रस्त्याचे एकही नसते.

रोजच्या दृश्यांत कोणती निवडावीत? माझे मत असे की, जे पुढील वीस वर्षांत नाहीसे होण्याचा संभव आहे ते प्रथम घ्यावे. भालकी, औराद, बसवकल्याणच्या पेठांत एखाद्या भिंतीवर कन्नड, उर्दू व देवनागरी अक्षरे एकत्र दिसतील, ती पाटी रंगवून काढण्यापूर्वी घ्यावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले व हे दोन जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. त्या आधीच्या कारभाराच्या खुणा, जुने मैलाचे दगड, कचेरीच्या दारावरील अक्षरे, अजून कोठे कोठे आढळतात. वाड्याची ओसरी, कोनाडा, बळदाचे तोंड. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात दत्तजयंतीला जमणारा समुदाय. मांजरेच्या पात्रात उन्हाळी पाळीची काकडी-टरबुजे कोणी लावली असतील तर ती.

आता भीमातीर. गाणगापूर व बीदर यांचा संबंध आपणांस नवा नाही. गुरुचरित्रातील रजकाची कथा घरोघर वाचली जाते. तो पुढील जन्मी ज्या वैदुरानगरीचा राजा झाला ती बीदरच, असे परंपरा मानते. गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर भीमा व अमरजा यांचा संगम आहे. पाण्यावरचे दृश्य घेताना पाण्याची चमक कॅमेऱ्याला फसविते आणि स्नान करणारी माणसे काळ्या आकृत्या होतात. घाटाच्या दगडावर किंवा आपल्या तळहातावर कॅमेऱ्याचे प्रकाशमापन करून मग पाण्याकडे वळावे. नदीचे खरे चित्र मात्र एका दिवसात होत नाही. एकच पायरी निवडावी. चैत्रात ती कोरडी असते, भाद्रपदात पाण्याखाली असते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला मोठा पूर येऊन काठची गावे पाण्यात गेली. अशा वेळी पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी मातकट रेघ उरते तिचे चित्र, शेजारी माणूस उभा करून, अवश्य घ्यावे. रेघ पुढच्या दिवाळीच्या चुन्यात जाते.

गाणगापूरला मधुकरीची वेळ असते, तेव्हा झोळी घेतलेली माणसे घरोघर जातात. मागणाऱ्याचे व वाढणाऱ्याचे चित्र विचारल्यावाचून घेऊ नये. निर्गुण मठात गाभाऱ्याकडे कॅमेरा रोखू नये. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आरतीच्या वेळी देवळापुढे जी पीडित माणसे किंचाळतात, खांबांवर चढतात, जमिनीवर लोळतात, त्यांची चित्रे कोणीही, कोणत्याही निमित्ताने घेऊ नयेत. त्यांना बाधा म्हणा की मनाचा आजार म्हणा, ती कोणाची तरी आई आहे, कोणाचा तरी मुलगा आहे. बरी होऊन घरी गेल्यावर त्या चित्राने तिचा पाठलाग करावा हे योग्य नव्हे. पूर्वी छायाचित्र एका अल्बमात राही. आज ते दुपारच्या आत शंभर गावी जाते. ज्याला यात ‘जिवंत दृश्य’ दिसते त्याने कॅमेरा घरी ठेवावा.

राहिला प्रश्न जतनाचा. जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्राचा मुख्य शत्रू ओल. पावसाळ्यात बुरशी येते, चित्र काचेला चिकटते. त्यामुळे फ्रेममध्ये चित्र व काच यांच्यात जाड कागदाची चौकट असावी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या बाजूस, कधीही टांगू नये. धुताना हायपो नीट न निघालेली चित्रे पिवळी पडतात, त्यावर उपाय घरी नाही. अशांची प्रथम नक्कल करून घ्यावी. काचेला चिकटलेले चित्र ओढू नये, तसेच काचेसकट नक्कल करावी. प्लॅस्टिकचा मुलामा चढवू नये. मागे लिहावयाचे ते मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनची शाई व दाब दोन्ही पुढे उमटतात. मोबाइलवरील चित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नक्कल मूळ समजू नये, ती आकसलेली असते आणि चित्राबरोबर नोंदलेली वेळ तीतून गळून पडते.

मागे काय लिहावे? ‘गाणगापूर सहल’ एवढे लिहिणे म्हणजे न लिहिणेच. स्थळ, दिशा, तारीख, वेळ, माणसांची नावे व नाती, आणि चित्र घेणाऱ्याचे नाव. उदाहरणार्थ : ‘बीदर, मदरसा, पूर्वेकडील दर्शनी बाजू, रस्त्याच्या पलीकडून पश्चिमेस तोंड करून. माघ शुद्ध पंचमी, सकाळी आठ. डावीकडून : आत्या, तिची थोरली सून, सुनेची बहीण. घेणारा : आत्याचा धाकटा.’ नात्यांपुढे नावे घालावीत, आडनावांसह. वीस वर्षांनी ‘आत्या’ कोणाची हे कोणास कळत नाही. जुन्या अल्बमांसाठी घरातील वडीलधाऱ्यांजवळ एका दुपारी बसावे, पाने उलटावीत आणि ते बोलतील ते लिहून घ्यावे. नावाबद्दल त्यांची खात्री नसेल तर नावापुढे तसे चिन्ह करावे, पुसू नये.

फ्रेम केलेल्या चित्राची नक्कल घरीच होते. चित्र ओसरीवर, सावलीत, भिंतीला टेकवून सरळ ठेवावे. कॅमेरा त्याच्या मध्याच्या उंचीवर, अगदी समोर. काचेत आपण स्वतः व अंगण दिसू लागते. म्हणून एकाने पाठीमागे काळी घोंगडी ताणून धरावी आणि तिला पाडलेल्या लहान भोकातून, किंवा दोन घोंगड्यांच्या फटीतून, भिंग पुढे काढावे. प्रतिबिंब जाते. चित्राच्या चारही कडा चौकटीत याव्यात, फोटोग्राफरचा शिक्का असलेली खालची पट्टी कापू नये. पुष्कळदा गाव व साल तेथेच छापलेले असते. मग चित्र उलटून पाठीचीही एक नक्कल घ्यावी.